संगणक सुरू का होत नाही? हार्डवेअर तंत्रज्ञाचे दोषशोधन

संगणक बंद पडला की तंत्रज्ञाला पाचारण केले जाते आणि बिघडलेला भाग त्याने बदलून द्यावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. वास्तविक, भाग बदलणे हे या व्यवसायातील सर्वांत सोपे काम. नेमका कोणता भाग बिघडला आहे हे ओळखणे मात्र कठीण असते. हार्डवेअर क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने सुट्या भागांची नावे पाठ करण्यापेक्षा, बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत संगणकात काय घडते, तो क्रम समजून घ्यावा. ज्या पायरीवर हा क्रम तुटतो, तेथून दोषाचा शोध सुरू होतो.

पहिली पायरी : वीजपुरवठा

घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि एसी स्वरूपाची असते. संगणकातील भागांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज लागते. हे रूपांतर एसएमपीएस करते. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये मांडलेली एटीएक्स रचना आजही बहुतेक डेस्कटॉप संगणकांत वापरली जाते. या रचनेत कॅबिनेटवरील बटण वीज थेट जोडत नाही. ते मदरबोर्डला केवळ इशारा देते आणि मदरबोर्ड एसएमपीएसला चालू होण्यास सांगतो. त्यामुळे संगणक बंद दिसत असला, तरी भिंतीवरील स्विच चालू असल्यास मदरबोर्डवर ५ व्होल्टचा ‘स्टँडबाय’ पुरवठा खेळत असतो. रॅम किंवा कार्ड काढण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून काढलाच पाहिजे, तो याच कारणाने.

पंखा फिरतो आहे म्हणजे एसएमपीएस ठीक आहे, हा नवशिक्यांचा नेहमीचा गैरसमज. विजेचा दाब स्थिर झाल्यावर एसएमपीएस ‘पॉवर गुड’ हा संकेत पाठवते आणि तो मिळेपर्यंत प्रोसेसर कामाला लागत नाही. म्हणून मल्टिमीटरने मोजणी करणे आवश्यक ठरते. १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टच्या तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट ही मान्य मर्यादा आहे. एसएमपीएसची पेटी मात्र उघडू नये. तिच्यातील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो.

अर्थिंगकडे दुर्लक्ष नको

कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. एसएमपीएसच्या फिल्टरमधून अत्यल्प प्रवाह अर्थिंगच्या तारेत जाणे अपेक्षित असते. अर्थिंग नसेल, तर तो कॅबिनेटवर येतो. हा प्रवाह स्वतः सहसा घातक नसला, तरी घरातील संरक्षक तार जोडलेली नाही, याची ती खूण आहे. उद्या एखादी जिवंत तार कॅबिनेटला टेकली, तर जिवावर बेतू शकते. अशा वेळी एसएमपीएस बदलून पैसे घेण्याऐवजी वायरमनकडून अर्थिंग तपासून घेण्याचा सल्ला देणे, हे तंत्रज्ञाचे कर्तव्य आहे.

दुसरी पायरी : स्वयंचाचणी

वीज मिळाल्यावर मदरबोर्डवरील बायोस, अथवा नव्या संगणकांतील युईएफआय, स्वतःची चाचणी घेते. तिला ‘पोस्ट’ म्हणतात. पडद्यावर चित्र येण्यापूर्वीच दोष आढळल्यास अनेक मदरबोर्ड बीपच्या आवाजाने किंवा लहान दिव्यांनी तो कळवतात. या संकेतांचा अर्थ कंपनीगणिक वेगळा असल्याने मदरबोर्डची पुस्तिका पाहूनच निष्कर्ष काढावा.

पंखे फिरत आहेत, पण पडदा काळाच आहे, अशा वेळी प्रथम मॉनिटरची केबल पाहावी आणि नंतर रॅम काढून पुन्हा नीट बसवावी. दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून पाहावी. पट्टीच्या कडेला खोडरबर घासण्याची पद्धत रूढ आहे. तथापि संपर्कबिंदूंवरचा सोन्याचा पातळ मुलामा त्याने झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसणे अधिक चांगले. पट्टी हाताळण्यापूर्वी अंगावरील स्थिर विद्युत घालवण्यासाठी अँटिस्टॅटिक पट्टा वापरावा. माणसाला ज्याची जाणीवही होत नाही, एवढ्या विद्युतभाराने चिप निकामी होऊ शकते.

दर वेळी तारीख मागे जात असेल, तर बहुधा मदरबोर्डवरील ३ व्होल्टची सीआर २०३२ ही बटणाएवढी बॅटरी संपलेली असते. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि ग्राहकाला वाटते, इंटरनेटच बंद पडले! अल्प किमतीच्या बॅटरीसाठी मदरबोर्ड बदलला जाऊ नये, यासाठीच हा क्रम माहीत हवा.

तिसरी पायरी : डिस्क आणि माहिती

चाचणी पार पडल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवरून रॅममध्ये येऊ लागते. येथे अडथळा आला, तर तंत्रज्ञाने सर्वप्रथम एक प्रश्न विचारावा : बॅकअप आहे का? मदरबोर्ड बाजारात पुन्हा मिळतो. दुकानदाराचा वर्षभराचा हिशेब वा कुटुंबाची छायाचित्रे मिळत नाहीत. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर संगणक त्वरित बंद करावा. तो पुन:पुन्हा सुरू केल्यास तबकड्यांची हानी वाढू शकते. एसएसडीमध्ये ‘ट्रिम’ या सुविधेमुळे पुसलेली माहिती परत मिळण्याची शक्यता फारच कमी असते. विचारल्याशिवाय फॉरमॅट करणे, हा या व्यवसायातील अक्षम्य अपराध मानला पाहिजे.

विंडोजमधील बिटलॉकर सुविधेने डिस्क कुलूपबंद असेल, तर सावधगिरी आणखी वाढवावी लागते. त्या कुलपाची किल्ली सामान्यतः मदरबोर्डशी संलग्न टीपीएममध्ये असते. मदरबोर्ड बदलताच संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती नसेल, तर डिस्क धडधाकट असूनही माहिती हाती लागत नाही. ती ग्राहकाकडे आहे का, याची खात्री कामापूर्वीच करावी.

नोंदवही ठेवा

एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा आणि तो लिहून ठेवावा. दोन भाग एकदम बदलले, तर संगणक सुरू होईल. पण दोष कोणत्या भागात होता, हे कळणार नाही आणि ग्राहकाला नाहक दोन्हींचे पैसे मोजावे लागतील. लक्षण, मोजणी, उपाय आणि तारीख यांची नोंदवही सुरुवातीपासून ठेवणाऱ्या विद्यार्थ्याकडे वर्षभरात स्वतःचे अनुभवसिद्ध पाठ्यपुस्तक तयार होते.