गुजराल, सतीश

(२५ डिसेंबर १९२५ – २६ मार्च २०२०). भारतीय चित्रकार, शिल्पकार, भित्तिचित्रकार व वास्तुकार. वास्तुकलेची पदवी न घेता, पंचावन्नाच्या घरात असताना ते इमारतींच्या रचनेकडे वळले. जन्म झेलम (आता पाकिस्तान) येथे. वयाच्या आठव्या वर्षी काश्मीरमध्ये एका पुलावरून पडल्यानंतर त्यांची श्रवणशक्ती गेली. माजी पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल हे त्यांचे थोरले बंधू.

लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी उपयोजित कलेचे शिक्षण घेतले. पुढच्या वाटचालीचे मूळ तिथेच शोधावे लागते. या शाळेचे पहिले प्राचार्य लॉकवुड किपलिंग हे आधी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वास्तुशिल्प शिकवत होते, आणि लाकूड, दगड, माती हाताळण्याला त्यांच्या शाळेत चित्र काढण्याइतकेच महत्त्व होते. सुतारकाम करणाऱ्या घराण्यातले भाई रामसिंग याच शाळेतून घडले आणि त्यांनी अमृतसरच्या खालसा कॉलेजची वास्तू रचली. गुजराल यांचे वास्तुकलेकडचे वळण अनपेक्षित मानले जाते, पण या परंपरेत ते अजिबात परके नाही.

१९४४ मध्ये ते मुंबईला जे. जे.मध्ये आले. रझा, सूझा, हुसेन या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह गटाशी त्यांचा परिचय झाला; मात्र त्या गटाची युरोपीय आधुनिकतेकडची ओढ त्यांना पटली नाही. आजारपणामुळे १९४७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडावे लागले. फाळणीत पाहिलेल्या यातना त्यानंतरच्या चित्रांत उतरल्या.

१९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर ते मेक्सिकोला गेले. तिथल्या दिएगो रिव्हेरा आणि सिकेरोस या भित्तिचित्रकारांच्या सहवासात त्यांनी भित्तिचित्रे अभ्यासली. सिकेरोस कारखान्यातले रंग आणि फवारणीची यंत्रे वापरत. मेक्सिको शहरातील विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या भिंती त्याच सुमारास हुआन ओ’गॉर्मन यांनी रंगीत दगडांच्या चित्रांनी मढवल्या होत्या, आणि ओ’गॉर्मन स्वतः चित्रकारही होते, वास्तुकारही. परतल्यावर गुजराल यांनी अनेक इमारतींवर भित्तिचित्रे केली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या बाहेरील सिरॅमिक फरशांचे भित्तिचित्र त्यांपैकीच. दुसऱ्याने बांधलेल्या भिंतीवर काम करता करता ती भिंत कुठे आणि का उभी राहावी हा प्रश्न चित्रकाराच्या मनात येणे अगदी स्वाभाविक होते. जाळलेल्या लाकडाची त्यांची शिल्पेही याच वाटेवरची.

नवी दिल्लीतील बेल्जियमचा दूतावास (१९८०–८३) ही त्यांची सर्वांत महत्त्वाची वास्तू. विटांच्या कमानी, घुमट, अंगणे आणि मातीचे उंचवटे यांतून ती जमिनीतूनच वर आल्यासारखी वाटते. वेगळे अलंकरण जवळजवळ नाही. वीट हेच तिचे रूप. चाणक्यपुरीतल्या कितीतरी दूतावासांत इतकी शिल्पमयता क्वचितच आढळते. वास्तुकारांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने विसाव्या शतकातील हजार उत्कृष्ट वास्तूंमध्ये तिची निवड केली, आणि बेल्जियमने गुजराल यांना ‘ऑर्डर ऑफ द क्राउन’ हा किताब दिला.

मराठी-कोकणी मुलखात त्यांचे मोठे काम म्हणजे ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठाचा परिसर. जुवारी नदीच्या मुखाकडे पाहणाऱ्या या जांभ्याच्या सड्यावर विद्यापीठाची चारशेहून अधिक एकर जमीन आहे. दूतावासाविषयी पुष्कळ लिहिले गेले. रोज हजारो विद्यार्थी वापरतात त्या या परिसराकडे समीक्षकांनी अधिक लक्ष द्यायला हवे होते.

गुजराल यांच्याकडे वास्तुकलेची पदवी नव्हती, आणि वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कोणालाही ‘आर्किटेक्ट’ हे नाव लावता येत नाही. हे बंधन नावावर आहे, आराखडा करण्याच्या कामावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. नोंदणीसाठी गणितासह बारावी किंवा पदविका, प्रवेश परीक्षा आणि पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. चित्रकलेची पदवी असलेल्यालाही हे सारे पहिल्या वर्षापासून करावे लागते. जे. जे.मध्ये मात्र वास्तुकला आणि चित्रकला दीर्घकाळ एकाच संस्थेत शिकवल्या जात; वास्तुकलेचे महाविद्यालय १९५८ मध्ये वेगळे झाले. गुजराल यांचे काम पाहता ही फारकत विद्यार्थ्यांच्या तोट्याची ठरली असेच म्हणावे लागते.

१९९८ मध्ये शस्त्रक्रियेने त्यांना काही प्रमाणात पुन्हा ऐकू येऊ लागले. १९९९ मध्ये पद्मविभूषणने त्यांचा गौरव झाला. दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.