मुलतानी माती

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी रडारड झाली. धाकट्या बहिणीची मुलगी सुटीला आली होती. तिचा चेहरा तेलकट. मैत्रिणी तिला 'निरांजन' म्हणून चिडवीत. मीच तिला मुलतानी माती आणून दिली आणि 'खडखडीत वाळली की मगच धू' असे मास्तरणीच्या थाटात बजावले. पोरीने चार दिवस, रोज, पंख्याखाली बसून माझी आज्ञा पाळली. पहाटे गालाला उटणे लागताच ती किंचाळली. गाल लालभडक झालेले, नाकाची सालपटे निघालेली! फराळाला काही ती बाहेर आली नाही.

अपराधी मनाने मी पुस्तके धुंडाळली. इतिहास शिकवणाऱ्या बाईला दुसरे सुचणार तरी काय!

ही माती मुळात चेहऱ्याची नव्हेच, परटाची! इंग्रजीतले तिचे नावही 'फुलर्स अर्थ', म्हणजे लोकरी कापड धुणाऱ्या कारागिरांची माती. प्राचीन रोममध्ये या धंद्याचे मोठे प्रस्थ होते. इ. स. 79 मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरीत त्यांचे हौद सापडले आहेत. हौदांत उभे राहून हे लोक पायांनी कापड तुडवीत. मातीखेरीज त्यांत आणखी काय ओतीत, ते फराळाच्या ताटाशी न सांगितलेले बरे. कोणती माती आधी आणि कोणती नंतर, यासाठी ख्रिस्तपूर्व 220 च्या सुमारास चक्क कायदा झाल्याचे प्लिनीने नोंदले आहे. इंग्लंडने तर 1660 मध्ये ही माती देशाबाहेर नेण्यास कायद्याने बंदी घातली. लोकरीच्या व्यापारावर त्यांचे पोट होते ना!

पण मला खरा धडा मिळाला तो विणकरांपाशी. लोकर कातण्यापूर्वी ते तिला लोणी किंवा तेल चोळीत, कारण कोरडा तंतू तुटतो. पुढे विणलेल्या कापडातले ते तेल काढायला ही माती लागे. म्हणजे आधी तेल, मग माती. आपले अभ्यंग आणि उटणे याहून निराळे काय आहे? फरक एवढाच की, कापडातले तेल शेवटच्या थेंबापर्यंत गेले तरी कापड तक्रार करीत नाही. कातडी करते.

माणसांनी ही माती अंगालाही फार पूर्वीपासून लावली. ग्रीसमधल्या किमोलोस बेटाच्या मातीचा अथेन्सच्या स्नानगृहांशी असलेला संबंध ॲरिस्टोफेनिसच्या ख्रिस्तपूर्व 405 मधल्या 'बेडूक' या प्रहसनात आला आहे. आपल्याकडच्या मातीला मुलतान शहराचे नाव चिकटले. ते शहर 1947 पासून पाकिस्तानात आहे, पण नाव काही बदलले नाही. राजस्थानात बाडमेर, बिकानेरकडे हिच्या खाणी आहेत.

तेल शोषण्याचे हिचे काम लेप ओला असतानाच होऊ लागते. तो वाळून आवळू लागला, तडकू लागला, की कातडीची ओलही जाते आणि ती ताणली जाते. तेव्हा गुलाबपाण्यात किंवा दह्यात कालवून पातळसा थर द्यावा, डोळ्यांभोवती लावू नये. आठ-दहा मिनिटांत कडा फिकट होऊ लागतात. तेव्हाच कोमट पाण्याने भिजवून, न घासता, उतरवावा. आणि चेहरा ओलसर असतानाच एखादे हलके मलम बोटभर लावावे. तेलकट चेहऱ्याला हे विचित्र वाटते खरे, पण लागते. आठवड्यातून एकदा पुरे. कातडी सोललेली असेल, तर लेपाचे नावही काढू नये.

यंदा नवरात्रात भाची आली. माझ्या हातून माती लावून घ्यायला ती तयार होईना. बरीच मनधरणी केली तेव्हा बसली. नाकाच्या कडेला रंग उतरलासा दिसताच मी तांब्या घेऊन उभी राहिले.

"अगं मावशी, अजून ओली आहे ना!"

"म्हणूनच," मी म्हटले, आणि पाणी ओतले.