स्क्रू, चिप, फाइल : इंजिन ‘वाढवण्या’चा इतिहास

इंजिनाची ताकद वाढवणं राहुरीला नवं नाही. उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या पंपाचं सील तोडायचं, स्क्रू फिरवायचा, डिझेल वाढवायचं. काळा धूर निघाला की ओढ वाढली, असा हिशोब. तो हिशोब चुकीचाच होता, पण उघडा होता. काय बदललंय ते दिसत होतं आणि स्क्रू मागे घेता येत होता.

1 एप्रिल 2000 पासून प्रदूषणाचे युरोपीय धर्तीचे निकष देशभर लागू झाले आणि मोटारींतून कार्ब्युरेटर हद्दपार होत गेला. इंधन किती, ठिणगी केव्हा, हे संगणक ठरवू लागला. त्याच काळात औरंगाबादजवळ शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. 2013 मध्ये फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आली, चाकणची. 1.2 लिटरचं छोटं इंजिन, पण टर्बो असल्यामुळे 105 अश्वशक्ती. टर्बोत हवा किती दाबायची हा फाइलमधला एक आकडा असतो. तो बदलला की ताकद वाढते. पाना लागत नाही, लॅपटॉप पुरतो. तरुणांमध्ये ‘रिमॅप’चं वेड पसरलं ते इथून.

आता प्रश्न निवडीचा. कारखान्याने ताकद राखून ठेवली ती काय आळसाने? या पोलोचं इंजिन 175 न्यूटन-मीटर जोर देतं, तिचा सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स 250 पर्यंतच झेलण्यासाठी बनलेला आहे. मधली जागा नगरच्या एप्रिलसाठी, घाटासाठी, धुळीसाठी आहे. ट्यून विकणारा तुम्हाला तीच जागा विकतो. शिवाय आपलं साधं पेट्रोल बराच काळ 91 ऑक्टेनचं होतं, युरोपातलं किमान 95 चं. तिकडच्या पेट्रोलवर बसवलेली फाइल इथे टाकली तर नॉकिंग व्हायचं. मग संगणक स्वतःच ठिणगी मागे घ्यायचा आणि जाहिरातीतली अश्वशक्ती जाहिरातीतच राहायची. त्यात आता 20 टक्के इथेनॉल, आपल्याच उसाचं! इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच, म्हणजे इंधनाचं गणित पुन्हा वेगळं. तेव्हा पहिला प्रश्न हा : ही फाइल कुठल्या पेट्रोलवर तपासली?

‘मूळ फाइल तरी कुठे पवित्र?’ असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. 2015 मध्ये उघड झालं की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतला संगणक परीक्षा ओळखायचा आणि तेवढ्यापुरता सज्जन व्हायचा. पुण्याच्या एआरएआयने इथल्या गाड्या तपासल्या आणि कंपनीला भारतात 3,23,700 गाड्या परत बोलवायची घोषणा करावी लागली. पण यावरून ‘कारखाना लबाड, मग आपणही’ हे अनुमान निघत नाही. तर्कशास्त्र शिकवणाऱ्याला ते खपणार नाही. लबाडी पकडता आली, कारण त्या फाइलला मालक होता, मंजुरीची नोंद होती. गल्लीतल्या फाइलला यातलं काय असतं?

कायदाही बदललाय. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रस्त्यावरच्या गाडीला ट्यून करूच नये, हे माझं मत. शर्यतीच्या ट्रॅकवरच चालणारी गाडी असेल तर आधी आणि नंतर त्याच डायनोवर, त्याच दिवशी मोजमाप मागा. आणि मूळ फाइलची प्रत आपल्या हातात आल्याशिवाय त्याला लॅपटॉप जोडू देऊ नका.