वारा संथ, जनित्र घाईचे

सायकलचा डायनामो आपण सर्वांनी पाहिलेला असतो. चाक हळू फिरले की दिवा मिणमिणतो, वेग आला की लख्ख पेटतो. फॅरडेने १८३१ साली शोधलेला नियम येथे दिसतो: वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र जितक्या झपाट्याने बदलेल तितका विद्युतदाब अधिक. पवनचक्कीचे घोडे नेमके येथेच अडते. वाऱ्यावर चालणारे मोठे चाक मिनिटाला दहा-वीस फेरे घेते, लहान चाक दोन-तीनशे. नेहमीच्या जनित्राला त्याहून कितीतरी जास्त लागतात. हा मेळ घालण्याच्या खटपटीतून पवनविद्युतेचे तंत्र घडत गेले. आज हौशी मंडळी घरच्या घरी थ्री-फेज जनित्र बांधतात. ते चपट्या तबकड्यांचे का असते, हे या खटपटीचा इतिहास पाहिला म्हणजे कळते.

जुलै १८८७ मध्ये ग्लासगोचे प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी स्कॉटलंडमधील मेरीकर्क या गावी आपल्या घराच्या आवारात कापडी शिडांची पवनचक्की उभारली आणि तिने भरलेल्या बॅटऱ्यांवर घरात दिवे लावले. उरलेली वीज त्यांनी गावच्या रस्त्यासाठी देऊ केली, पण ही सैतानाची करणी आहे असे म्हणून गावकऱ्यांनी ती नाकारली, असे सांगतात. त्याच हिवाळ्यात अमेरिकेत क्लीव्हलँड येथे चार्ल्स ब्रश या धनाढ्य संशोधकाने १७ मीटर व्यासाचे, १४४ लाकडी पात्यांचे अजस्र चाक उभे केले. जनित्राला वेग मिळावा म्हणून पट्टे आणि कप्प्या लावून चाकाच्या एका फेऱ्यामागे जनित्राचे पन्नास फेरे होतील अशी योजना केली होती. एवढा खटाटोप करून मिळत होती १२ किलोवॅट वीज. तळघरात ४०८ बॅटरी-घट मांडलेले होते. ही चक्की वीसेक वर्षे चालली. पण असा थाट एखाद्या लक्षाधीशालाच परवडावा.

यानंतरचे पाऊल एका शिक्षकाने टाकले. पाउल ला कूर हे डेन्मार्कमधील आस्कोव्ह येथील लोकविद्यालयात शिकवत. शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींसाठी चालणारी ही शाळा. वीज शहरांपुरतीच राहिली तर खेडी मागे पडतील, ही त्यांची खरी चिंता होती. सरकारी मदत मिळवून त्यांनी १८९१ मध्ये शाळेच्या आवारात प्रयोगाची पवनचक्की बांधली. वारा पडला तर काय, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर आजही नवे वाटेल: विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवायचा. १८९५ पासून काही वर्षे शाळेत याच वायूचे दिवे जळत होते. अधूनमधून स्फोट होऊन खिडक्यांच्या काचाही फुटत!

पुढे ला कूर यांनी वातनलिकेत, म्हणजे पंख्याने एकसारखा वारा सोडलेल्या नळकांड्यात, पात्यांचे नमुने ठेवून मोजमापे घेतली. निष्कर्ष असा निघाला की वीज करायची तर थोडी पाती असलेले, वेगाने फिरणारे चाकच चांगले. ब्रशच्या १४४ पात्यांचा मार्ग येथे संपला. ला कूर तेवढ्यावर थांबले नाहीत. १९०४ पासून त्यांनी खेड्यांतील तरुणांसाठी ‘पवन-वीजतंत्री’ घडवणारे वर्ग सुरू केले. आम्हांला त्यांचे हे काम वातनलिकेपेक्षाही मोठे वाटते. १९१८ पर्यंत डेन्मार्कमधील सुमारे १२० गावपातळीच्या वीजकेंद्रांत पवनचक्की होती. योहानेस युल हे याच वर्गांचे विद्यार्थी. त्यांनी १९५७ मध्ये गेसर येथे उभारलेली तीन पात्यांची, २०० किलोवॅटची चक्की दहा वर्षे चालली, आणि नंतरच्या डॅनिश पवनचक्क्यांचा तोच नमुना ठरला.

गतीचा मूळ प्रश्न मात्र दुसऱ्या टोकाने सोडवला तो अमेरिकेतील जेकब्स बंधूंनी. १९२० च्या दशकात माँटाना राज्यातील एका दूरच्या गुरांच्या कुरणावर त्यांनी सुरुवात केली. दंतचक्रे आणि पट्टे झिजतात, तुटतात. तेव्हा चाकाचा वेग वाढवण्याऐवजी जनित्रच संथ गतीला साजेसे, मोठे आणि जड बनवायचे असे त्यांनी ठरवले. दोन पात्यांचे चाक वाऱ्याबरोबर दिशा बदलताना थरथरते, तीन पात्यांचे थरथरत नाही, हेही त्यांच्या ध्यानात आले. १९३५ साली अमेरिकेतील दहांपैकी जेमतेम एका शेतघरी वीज होती, त्यामुळे गिऱ्हाईक भरपूर होते. त्याच वर्षी सरकारने ग्रामीण विद्युतीकरण हाती घेतले. तार शेतापर्यंत आली आणि वीस-बावीस वर्षांत हा धंदा बसला. जेथे तार पोचली नाही तेथल्या लोकांची गरज मात्र तशीच राहिली.

आता थ्री-फेजकडे वळू. शेतावरच्या पंपामुळे हा शब्द आपल्या खेड्यातल्या मुलांनाही ठाऊक असतो. १८९१ सालीच, म्हणजे ला कूर पहिली चक्की बांधत होते तेव्हा, जर्मनीत लाउफेनहून १७५ किलोमीटरवरील फ्रँकफुर्टला थ्री-फेज वीज नेऊन दाखवली गेली. पण बॅटरीला हवी असते एकाच दिशेने वाहणारी धारा, म्हणून पवनचक्कीवाल्यांना ही पद्धत कितीतरी वर्षे निरुपयोगी होती. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाल्यावर चित्र पालटले. १९६० पासून मोटारींत डायनामो जाऊन थ्री-फेज अल्टरनेटर येऊ लागले. भंगारात मिळणारे हे अल्टरनेटर अनेकांनी पवनचक्कीला लावून पाहिले. अडचण जुनीच निघाली: हजारावर फेरे झाल्याशिवाय ते बॅटरी भरत नाहीत, शिवाय त्यांचे विद्युतचुंबक बॅटरीतलीच वीज खातात.

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर स्कोरेग हे द्वीपकल्प आहे. तेथे मोटाररस्ता नाही, विजेची तार नाही. ह्यू पिगॉट यांनी १९७० च्या दशकापासून येथे भंगारातून पवनचक्क्या बनवल्या. व्हॅनच्या ब्रेकड्रमला आतून साधे चुंबक चिकटवून त्यांनी संथ गतीचे जनित्र साधले. १९८३ मध्ये जपान आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे नियोडिमियमचे प्रखर चुंबक जाहीर झाले होते. पुढे ते स्वस्त झाल्यावर आजचा तबकडीचा आराखडा तयार झाला. पिगॉट यांनी बांधणीची पुस्तके लिहिली, वर्ग घेतले. पेरू आणि श्रीलंकेतील प्रकल्पासाठी २००१ साली त्यांची पुस्तिका निघाली.

त्यांच्या २.४ मीटर व्यासाच्या चक्कीचे जनित्र पाहू. दोन लोखंडी तबकड्या, प्रत्येकीवर १२ चुंबक, उत्तर-दक्षिण असे आलटून पालटून. मध्ये रेझिनमध्ये ओतून पक्की केलेली तांब्याच्या तारेची ९ वेटोळी. वेटोळ्यांत लोखंड नसल्याने चुंबक कोठे अडकून बसत नाहीत, आणि मंद वाऱ्यातही चाक सुटते. बारा ध्रुव म्हणजे सहा जोड्या. चाकाच्या एका फेऱ्यात सहा आवर्तने. मिनिटाला ३०० फेरे झाले तर सेकंदाला ३० आवर्तने मिळतात. शेजारच्या दोन वेटोळ्यांत ४० अंशांचे अंतर. त्याला सहाने गुणले की विजेच्या हिशेबात २४० अंश. दर चौथे वेटोळे पुन्हा जुळते, कारण १२० गुणिले ६ म्हणजे ७२०, दोन पूर्ण आवर्तने. अशी तीन-तीन वेटोळी जोडली की तीन फेज तयार!

एकच फेज ठेवली तर प्रत्येक आवर्तनात शक्ती दोनदा शून्यावर येते आणि सांगाडा थरथरतो. तीन फेजमध्ये बेरीज कायम राहते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी १२० अंशांच्या अंतराने तीन ज्यांचे वर्ग मिळवून पाहावेत. कोनाची किंमत काहीही घेतली तरी उत्तर दीडच येते. आणखी एक सोय: तिन्ही तारा एकमेकींना जोडून टाकल्या की जनित्र स्वतःलाच ब्रेक लावते. वादळात मात्र हा ब्रेक अपुरा पडू शकतो, म्हणून शेपटीच्या बिजागरीने चाक आपोआप वाऱ्यातून बाजूला वळेल अशी रचना असते.

सौरपट्ट्या स्वस्त झाल्यापासून आपल्यासारख्या उन्हाच्या मुलुखात अशी चक्की निव्वळ विजेसाठी बांधणे क्वचितच परवडेल, असे आमचे मत आहे. स्कोरेगचा हिशेब वेगळा आहे. तेथे डिसेंबरचा दिवस साडेसहा तासांचा असतो, आणि वारा सर्वांत जोरात वाहतो तो हिवाळ्यातच.