हाली, कलदार आणि रियाल

परदेशात जाऊन फुटबॉल बघण्याच्या हौसेचा इतिहास लिहायचा, तर तो लंडन, रिओ किंवा फार तर कोलकात्यापासून सुरू करावा अशी रीत आहे. मी तो लातूर-बार्शी रस्त्यापासून सुरू करणार आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांना ह्यात स्थानिक अभिमानाचा वास येईल. येऊ द्यावा. परदेशप्रवास आम्हां मराठवाड्याच्या लोकांना तुमच्या आधीपासून ठाऊक आहे, आणि त्यासाठी आम्हांला बोटीत बसावं लागलेलं नाही.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत लातूर आणि नांदेड ही दोन्ही गावं निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. बार्शी मात्र सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात. तेव्हा लातूरचा माणूस भाच्याच्या मुंजीला बार्शीला निघाला, की तो रीतसर परमुलखात चालला. मध्ये करोडगिरीचा नाका. तिथला शिपाई गाठोडं सोडून बघणार, नव्या लुगड्यांकडे संशयाने पाहणार. पलीकडे गेलं की खिशातल्या पैशाचं मोल बदलायचं. आमचा रुपया हाली, त्यांचा कलदार. सात हाली द्यावेत तेव्हा सहा कलदार हातात पडत. आमचे आजोबा हा हिशेब झोपेतही करत. मुंजीचा आहेर हालीत लिहायचा की कलदारात, ह्यावरून दोन व्याह्यांमध्ये पडलेली तेढ पुढे दोन पिढ्या पुरली. जायला बार्शी लाइट रेल्वे. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ही गाडी १९११ साली लातूरला आली. तिचा वेग असा होता, की उतारूंना परराज्यात शिरताना मनाची तयारी करायला भरपूर वेळ मिळे.

सांगायचा मुद्दा असा, की परकीय चलन, जकात आणि नातेवाइकांचे टोमणे ह्या परदेशप्रवासाच्या तिन्ही अडचणी आमच्या घराण्यात मुरलेल्या होत्या. फक्त फुटबॉल यायचा राहिला होता. तो नांदेडच्या मामांनी आणला.

मामा पन्नासच्या दशकात वकिली शिकायला हैदराबादला होते. आमच्याकडे तेव्हा कॉलेज, कोर्ट, मोठा दवाखाना आणि लग्नाचा बस्ता ह्या सगळ्यांसाठी हैदराबादच गाठत. नांदेडहून निजामाबादमार्गे छोट्या लाइनीची गाडी होती. मामा त्या गाडीने कायदा शिकायला गेले आणि फुटबॉल शिकून आले. म्हणजे खेळायला नव्हे, ओरडायला. त्या वेळी हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ म्हणजे चीज होती. मुंबईचा रोव्हर्स कप त्यांनी १९५० ते १९५४ असा ओळीने पाच वेळा नेला. त्यांचे गुरू सय्यद अब्दुल रहीम हे मुळात शाळामास्तर. मास्तर असल्यामुळे खेळाडूंना स्वाध्याय देण्याची खोड होती. ज्याचा उजवा पाय चालतो त्याला डाव्यानेच खेळायला लावायचे. पुढे हेच रहीमसाहेब भारताच्या संघाचे शिक्षक झाले. २०२४ साली त्यांच्यावर ‘मैदान’ नावाचा चित्रपट निघाला तेव्हा कुठे आमच्या पुढच्या पिढीला हे नाव कळलं. मामा ते नाव पन्नास वर्षं घेत होते, पण घरच्या माणसाचं कोण ऐकतं?

त्यातल्या एका रोव्हर्स फायनलला मामा कूपरेजवर हजर होते. शेजारच्या गिरगावकराने त्यांची दखनीतली आरडाओरड ऐकून विचारलं, “तुम्ही मराठी इतकं चांगलं कसं बोलता हो?” ह्या प्रश्नाने मामा इतके दुखावले, की मुंबईत पुन्हा त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी ४-२ असं हरवलं. शिकवणारे हैदराबादचे रहीम आणि तीन गोल मारणारा मुंबईचा नेव्हिल डिसूझा. राज्य पुनर्रचना आयोगाला जे नीट जमलं नाही ते फुटबॉलने एका दुपारी करून दाखवलं, असं मामांचं मत होतं.

ह्या हौशीला मोठा धक्का मात्र त्याआधीच बसला होता. १९५० साली ब्राझीलमध्ये वर्ल्ड कप होता. आपल्या गटातल्या इतर देशांनी माघार घेतल्यामुळे भारताला आयतं आमंत्रण आलं. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात आपलं नावही पडलं, आणि आपण गेलो नाही. अनवाणी खेळू देत नाहीत म्हणून गेलो नाही, ही कथा आपल्याकडे फार लाडकी आहे. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बरेच खेळाडू खरोखरच अनवाणी खेळले होते, त्यामुळे ती पटतेही. पण खरं कारण साधं आहे. लांबचा बोटीचा प्रवास, खर्च, सरावाला वेळ नाही, आणि वर्ल्ड कपपेक्षा ऑलिम्पिक मोठं अशी तेव्हाच्या कारभाऱ्यांची समजूत. थोडक्यात, आमच्या घरी लांबच्या लग्नाला न जाण्याची जी कारणं सांगतात तीच. त्यानंतर ते आमंत्रण पुन्हा आलेलं नाही.

पण प्रेक्षकाची खरी किंमत कळते ती १९६२ साली, जकार्तात. एशियन गेम्स. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवान यांना प्रवेश दिला नव्हता. ह्यावर आपले गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतला, या खेळांना एशियन गेम्स म्हणू नये असं सुचवलं, आणि जकार्ता खवळलं. जमावाने भारताच्या वकिलातीवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबरला, फुटबॉलची फायनल. समोर दक्षिण कोरिया, ज्यांनी गटात आपल्याला २-० हरवलेलं. स्टेडियममध्ये लाखभर माणसं आणि ती सगळी आपल्या विरुद्ध. चेंडू भारतीय पायाला लागला की हुर्यो. बचावाचा खांब जर्नेल सिंग डोक्याला टाके घालून पुढच्या फळीत खेळायला उतरलेला.

आपल्या बाजूने ओरडणारे किती? पाकिस्तानच्या हॉकी संघाची मंडळी. आदल्याच दिवशी त्यांनी आपल्याला हॉकीच्या फायनलमध्ये २-० हरवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक भारताच्या नावाने गळा काढत होते, अशी आठवण आपल्या खेळाडूंनी पुढे सांगितली आहे. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी गोल मारले, २-१ ने आपण जिंकलो. पुढच्या वर्षी रहीमसाहेब गेले. एशियन गेम्सचं फुटबॉलचं सुवर्णपदक आपल्याला त्यानंतर मिळालेलं नाही.

हे सांगताना मामांना विजयापेक्षा त्या रिकाम्या बाजूचं वाईट वाटायचं. “लाख माणसात आपलं दहा तरी माणूस पाहिजे होतं की रे,” ते म्हणायचे. नांदेडच्या माणसाला हे कळतं. हुजूर साहिबला पंजाबातून, इंग्लंड-कॅनडातून माणसं हजारो मैल तुडवून येतात ती आम्ही रोज पाहतो. नुसतं हजर राहण्यासाठी माणूस कुठवर जाऊ शकतो, हे नांदेडच्या रिक्षावाल्याइतकं कुठल्याही समाजशास्त्रज्ञाला ठाऊक नसेल.

मग मामा स्वतः का गेले नाहीत? कारण दिल्लीचा करोडगिरी नाका निजामाच्या नाक्यापेक्षा कडक निघाला. त्या काळी परदेशी निघालेल्या माणसाला हातात आठ डॉलर घेऊन विमानात चढावं लागे. तिकीट काढायला ‘पी फॉर्म’ नावाची रिझर्व्ह बँकेची परवानगी. १९७३ साली फेराचा नवा कायदा आला आणि डॉलर बाळगणं हे गांजा बाळगण्याच्या पंगतीत जाऊन बसलं. फायनल बघायची आहे म्हणून डॉलर मागणाऱ्या वकिलाकडे बँकेतल्या साहेबाने कोणत्या नजरेने पाहिलं असतं, ह्याची कल्पना मामांना होती. कोलकात्यात मात्र खिदिरपूर भागातलं एक जोडपं ह्या सगळ्यातून वाट काढून १९८२ च्या स्पेनला पोचलं आणि मग २०१८ च्या रशियापर्यंत दहा वर्ल्ड कप त्यांनी पाहिले, पोटाला चिमटा काढून, बंदरातल्या नोकरीच्या आणि मागाहून पेन्शनच्या जिवावर. बंगाली माणसाने फुटबॉलसाठी मासळी कमी केली म्हणजे त्याग झाला. आमच्याकडे कमी करायला भाकरीच होती.

क्रिकेटवाल्यांचं सगळंच निराळं. १९८३ साली आपल्या बोर्डाचे अध्यक्ष, नागपूरचे एन. के. पी. साळवे यांना लॉर्ड्सच्या फायनलचे दोन जादा पास मिळाले नाहीत. त्या रागातून त्यांनी १९८७ चा अख्खा वर्ल्ड कपच भारत-पाकिस्तानात आणला, आणि एक सामना थेट नागपूरला. पास मिळाला नाही तर मांडवच आपल्या दारात घालायचा! फुटबॉलमध्ये असं रुसायची आपली ऐपत नव्हती.

फेरा २००० साली गेला. मामा त्याआधीच गेले. डॉलर स्वस्त झाला नाही पण मोकळा झाला, आणि माझा भाचा दोह्यात नोकरीला लागला. त्याने २०२२ च्या वर्ल्ड कपला मला बोलावलं होतं. मी गेलो नाही. अर्जेंटिनाचा निळा-पांढरा सदरा गंजगोलाईत मिळतो, पण तो घालून तिथे जायचं म्हणजे दुसऱ्याच्या वरातीत नाचणं. मी २०२४ च्या जानेवारीत गेलो. दोह्यात आशिया कप होता, आणि १३ तारखेला भारताचा सामना होता. पुन्हा ऑस्ट्रेलियाशी.

११ तारखेला वेळा अमावस्या होती. लातूरचा माणूस येळवस सोडून कुठे जात नाही. शेतात कडब्याच्या कोपीपाशी भज्जी, उंडे आणि आंबील यांची पंगत बसलेली असताना बातमी फुटली.

“तुम्ही कतारला जायलाव म्हणं?” शेजारचे पाटील.

“हो. भारत-ऑस्ट्रेलिया.”

“मंग बरं झालं! अहमदाबादचं उट्टं काढा म्हणावं. बुमराह हाय का?”

दोनच महिन्यांपूर्वी आपण क्रिकेटची फायनल हरलो होतो. त्यांचंही बरोबर होतं. फुटबॉल आहे म्हटल्यावर पाटील थोडा वेळ गप्प राहिले. मग समजूत काढल्यासारखे म्हणाले, “असू द्या. आंबील घ्या अजून.”

प्रवास अर्थातच हैदराबादवरून. शमशाबादच्या विमानतळावर दोह्याच्या रांगेत सगळे आमचे शेजारी: निजामाबाद, जगत्याल, करीमनगरकडचे कामगार, दोऱ्यांनी आवळलेल्या खोक्यांत लोणची घेऊन. रियाल साधारण साडेबावीस रुपयांचा पडत होता. आजोबांनी हा दर ऐकला असता तर नाक्यावरूनच परत फिरले असते.

संक्रांत १५ तारखेला होती, म्हणून बायकोने खिशात तिळगुळाची पुडी दिली होती. स्टेडियमच्या दारातल्या पहारेकऱ्याने ती सोडून हुंगली. करोडगिरी नाक्याचा वंश कुठेही बुडालेला नाही.

आत ३५,२५३ माणसं. हा आकडा अधिकृत आहे, आणि त्यातली बहुतेक आपली होती. मल्याळी सगळ्यांत जास्त. ‘ब्लू पिलग्रिम्स’ म्हणून आपल्या संघामागे हिंडणारी एक मंडळी आहे. हे निळे वारकरी ढोल घेऊन एका कोपऱ्यात उभे. मला जकार्ता आठवलं, नव्हे, मामा आठवले. पंच योशिमी यामाशिता ही जपानी बाई होती, पुरुषांच्या आशिया कपात शिट्टी फुंकणारी पहिली. तिला पाहून माझ्या मागचे काका म्हणाले, “आता मुकाट्याने ऐकतील सगळे.” छेत्रीचं एक हेडर थोडक्यात बाहेर गेलं, पंचेचाळीस मिनिटं आपण त्यांना रोखून धरलं आणि मध्यंतराला मी तीळगूळ वाटला. मध्यंतरानंतर त्यांनी दोन गोल घातले. आपण ०-२ हरलो. मग उझबेकिस्तानशी ०-३, सीरियाशी ०-१. तीन सामन्यांत आपल्याला एकही गोल करता आला नाही. जकार्तात आपल्यासाठी ओरडायला कोणी नव्हतं तेव्हा सोनं आणलं, आणि इथे स्टेडियम भरून माणसं होती. असल्या हिशेबाला सात हाली-सहा कलदाराचा नियम लागू पडत नाही.

परतीच्या मेट्रोत शेजारी निजामाबादकडचा एक माणूस होता. पन्नाशीचा, हातांना सिमेंटच्या जुन्या खुणा. मी नांदेड-लातूरचा म्हटल्यावर त्याने सरकून जागा दिली. “अपने बाजूकेच हैं की!” ज्या स्टेडियममधून आम्ही बाहेर पडलो त्याच्या छपराच्या कामावर तो होता. मी विचारलं, मग वर्ल्ड कपचा एखादा सामना तरी आत बसून पाहिला का?

“नक्को साब. पडद्यावर देखा. तब अपना कौन खेल रा था?”

ह्या वेळी त्याने तिन्ही सामन्यांची तिकिटं एकदम काढली होती. पंचवीस रियालचं एक. तिसरा सामना लांब, अल खोरला होता. त्यासाठी पाळी बदलून घ्यावी लागणार होती. मी सवयीने पंचाहत्तर रियालचे रुपये करायला लागलो, तर त्याने हात वर करून मला थांबवलं आणि पुडीत तीळगूळ उरलाय का म्हणून विचारलं.