रंधा, थिकनेसर आणि सुताराची बोटे

खामगाव किंवा मलकापूरच्या आरा गिरणीतून आणलेली सागवानी फळी घरातल्या सुतारशाळेत येते, तेव्हा तिच्यावर करवतीचे वळ असतात, एक टोक जाड असते आणि बहुधा ती किंचित पिळलेलीही असते. तिला दाराच्या किंवा पेटीच्या लायक करायचे तर आधी एक बाजू सपाट करावी लागते. मग दुसरी बाजू पहिलीशी समांतर. ही दोन कामे भिन्न आहेत आणि थिकनेसर हे यंत्र केवळ दुसरे काम करते. वाकडी फळी आत सारली तर रोलर तिला दाबून सरळ धरतात, पाती वरचा थर काढतात आणि बाहेर पडताच फळी पुन्हा वाकते. जाडी सर्वत्र सारखी, पण फळी वाकडीच! जुने यंत्र विकून मोठे घेणाऱ्या अनेकांची निराशा नेमकी येथे होते.

हातरंध्याच्या काळात दोन्ही कामे एकाच मनगटाने होत. फळीच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवायच्या, एक डोळा मिटून पीळ पाहायचा, उंच कोपरे उतरवायचे, मग कडेने जाडीची रेघ आखून तिच्यापर्यंत खाली यायचे. गावगाड्यातील सुताराचे बहुतेक काम मात्र नांगर, वखर, तिफण आणि बैलगाडीचे. त्यासाठी बाभूळ, धावडा आणि वाकस पुरत असे. रंध्याचा खरा कस लागे तो दारे, खिडक्या आणि पेट्या घडवताना.

हे कष्ट यंत्रावर टाकण्याचा पहिला गंभीर विचार इंग्लंडमध्ये झाला, आणि त्यामागचा हेतू वाचून आजचा वाचक दचकेल. सॅम्युएल बेंथम याने 1791 मध्ये रंध्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. 1793 च्या दुसऱ्या पेटंटात फिरत्या पात्यांची कल्पनाही होती. त्याचा भाऊ, तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम, तेव्हा ‘पॅनॉप्टिकॉन’ या आदर्श तुरुंगाची योजना आखत होता. त्या तुरुंगातील अकुशल कैद्यांकडून सुतारकाम करवून घेता यावे, म्हणून कौशल्य माणसाच्या हातातून काढून यंत्रात घालायचे होते. प्रारंभीची यंत्रे उभी राहिली ती जेरेमीच्या लंडनमधील घरीच. तुरुंग कधी बांधला गेला नाही. यंत्रांची कल्पना मात्र टिकली.

आजच्या थिकनेसरचा सांगाडा अमेरिकेत सिद्ध झाला. न्यूयॉर्क राज्यातील विल्यम वुडवर्थ याने 27 डिसेंबर 1828 रोजी पेटंट मिळवले. फिरती पाती आणि फळीला दाबून पुढे नेणारे रोलर यांची सांगड, हे त्याचे मर्म. मुदतवाढी मिळवत हे पेटंट 1856 पर्यंत जिवंत ठेवण्यात आले. तोवर फळीमागे शुल्क आकारणारे मक्तेदार आणि गिरणीवाले न्यायालयात झुंजत राहिले. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचले होते.

इकडे बुलढाणा जिल्ह्यात यंत्रशक्ती अवतरली ती लाकडासाठी नव्हे, कापसासाठी. 1870 मध्ये जलंबहून खामगावला जाणारा रेल्वेफाटा सुरू झाला. उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. सरकी काढणे आणि गाठी बांधणे वाफेवर होऊ लागले. गावातल्या सुताराचा रंधा मात्र त्यानंतरही दीर्घकाळ हातानेच चालत राहिला.

यंत्राची किंमत बोटांनी मोजली गेली. आरंभीच्या यंत्रांत पाती चौकोनी गाभ्यावर बोल्टने आवळलेली असत. गाभा फिरताना कोपऱ्यांमध्ये रुंद पोकळी राही. हात घसरला की बोटे तीत ओढली जात. गोल गाभ्याने ती पोकळी जवळजवळ बुजवली. ब्रिटनच्या 1922 च्या नियमांनी हाताने फळी सरकवायच्या यंत्रांना गोल गाभा सक्तीचा केला. भारतातील 1948 च्या कारखाना अधिनियमात यंत्रांना आडोसा लावण्याचे बंधन होते. पण त्यातील मूळ व्याख्येनुसार विजेवर चालणाऱ्या ठिकाणी किमान 10 कामगार असले तरच तो कारखाना ठरत असे. एकट्याने चालवलेली घरची सुतारशाळा त्या कक्षेबाहेर राहिली. तेथे निरीक्षक येत नाही. आडोसा काढून ठेवण्याचा मोह मात्र रोज होतो.

घरगुती यंत्राला वाट करून दिली ती जपानी कंपन्यांनी. माकिताने 1958 मध्ये विजेचा हातरंधा विक्रीस आणला. 1980 च्या दशकात रिओबीने उचलून नेता येईल असा थिकनेसर बाजारात आणला. त्याची ब्रशची मोटर एका फेजवर चालते, म्हणून गावठाणातल्या घरगुती जोडणीवरही तो बसतो. पण ती कर्कश असते आणि लवकर तापते. भारी यंत्रातील इंडक्शन मोटर शांत आणि चिवट, परंतु मोठ्या यंत्रांना बहुधा तीन फेज लागतात. लांब पात्यांऐवजी कार्बाइडच्या छोट्या चौकोनी पात्यांचा सर्पिल गाभा असेल, तर गाठीजवळ तंतू कमी उपटतात आणि एक कड बोथट झाली की तुकडा फिरवून दुसरी वापरता येते.

बेंथमपासून चालत आलेली मूळ अडचण मात्र त्यानेही सुटत नाही. म्हणून संयुक्त यंत्रात एकाच गाभ्याकडून दोन्ही कामे करून घेतात: वरच्या मेजावर फळी हाताने सरकवून एक बाजू सपाट करायची, मग मेज उचलून तीच फळी सपाट बाजू खाली ठेवून गाभ्याखालून न्यायची. एवढा खर्च झेपत नसेल, तर वाकडी फळी एका सरळ पाटावर ठेवून, पोकळीत पाचरी मारून ती पाटासकट साध्या थिकनेसरमधून काढता येते. पाचर कोठे मारायची हे ठरवायला त्याच दोन पट्ट्या आणि मिटलेला एक डोळा लागतो.