नॉर्मन क्रॉसची हाडांची जहाजे
इंग्लंडमधल्या पीटरबरोजवळ, नॉर्मन क्रॉस इथे, १७९७ साली फ्रान्सशी चाललेल्या युद्धातले कैदी ठेवण्यासाठी एक तळ उभा राहिला आणि १८१४ पर्यंत चालला. हजारो माणसे लाकडी बराकींत कोंडलेली. हाताला काम नाही, वेळ मात्र रग्गड. शिध्यातल्या गोमांसाची हाडे उकळून, साफ करून, कापून या कैद्यांनी छोट्या युद्धनौका घडवल्या. आत लाकडाचा गाभा, त्यावर हाडाच्या चिंचोळ्या पट्ट्या बारीक खिळ्यांनी बसवलेल्या, आणि दोरखंडांच्या जागी रेशमाचा धागा किंवा केस. आज संग्राहक अशा नौकांना मोठी किंमत मोजतात ती बरेचदा त्या काळच्या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती समजून. मला ही समजूत पटत नाही. या नौका समुद्रापेक्षा तळाच्या फाटकाशी भरणाऱ्या बाजाराची साक्ष जास्त देतात.

यावर सरळ आक्षेप असा, की घडवणारे स्वतः खलाशी होते. त्यांना जहाज कळत नव्हते तर कुणाला? आक्षेप वजनदार आहे, पण अर्धाच खरा. अनेक नौकांवरची दोरखंडांची मांडणी खरोखर अचूक दिसते. ज्या हातांनी वर्षानुवर्षे ते दोर ओढले, ते चुकणार कसे? बांधा मात्र गंडतो. डोलकाठ्या वाजवीपेक्षा उंच, अंगाची मापे एकमेकांशी फटकून. डेकवर उभ्या माणसाला आपल्या जहाजाची लांबी-रुंदी डोळ्यांत भरून घेता येत नाही. त्याला नकाशा लागतो, आणि तो कैद्याकडे नव्हता. शिवाय उंच डोलकाठीची नौका दिवाणखान्यात रुबाबदार दिसते, हे गिऱ्हाइकाला घडवणाऱ्याइतकेच कळत होते.

नावांचेही तेच. फ्रेंच हातांनी घडवलेल्या कितीतरी नौकांवर नाव असते इंग्लिश जहाजाचे. काही पाट्या पुढे व्यापाऱ्यांनी लावल्या असतील, हे मान्य. पण त्याने मुद्दा ढळत नाही. विकणारा बदलला तरी घेणारा इंग्लिशच होता, आणि शत्रूचे जहाज शोकेसमध्ये मिरवायची हौस थोड्यांनाच. फाटकाशी याच कैद्यांनी केलेले हाडाचे डोमिनोचे संच मिळत, आणि गिलोटीनच्या छोट्या प्रतिकृतीसुद्धा. पॅरिसमधली ती भीती इंग्लिश कुटुंबाच्या फडताळात खेळणे होऊन बसली. गवताच्या वेण्या विणून विकायला मात्र बंदी आली, कारण त्याने आसपासच्या विणकरांचा धंदा बुडत होता. नौकांमुळे कुणाच्या पोटावर पाय येत नव्हता, म्हणून त्या खुशाल विकल्या गेल्या.

यातल्या काही नौकांना मागून एक दोरी काढलेली असते. ती ओढली की आतल्या स्प्रिंगवर बसवलेल्या साऱ्या तोफा एकदम आत सरकतात, सोडली की पुन्हा बाहेर येतात. खऱ्या जहाजावर एकेका जड तोफेला कित्येक माणसे झटत. एका दोरीत सगळी फळी हलवायची सोय कुठल्याच आरमारात नव्हती. ती होती फाटकाशी उभ्या असलेल्या, खिशात हात घालून अजून मन न ठरवलेल्या गिऱ्हाइकासाठी.